वाईट बातमी साहेबांपर्यंत कधी पोचते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला प्रभावी व्यवस्थापक कसे व्हावे यावरचा लेख वाचला. दूरदृष्टी, निर्णयक्षमता, संवादकौशल्य, बदलाशी जुळवून घेणं, सकारात्मक दृष्टिकोन अशी लांबलचक यादी त्यात होती. यादीत चुकीचं काहीच नाही. पण ती वाचून उद्या पहिल्या शिफ्टला कारखान्यातल्या शॉपवर उभं राहणाऱ्या माणसाने नेमकं काय करायचं, हे मला कळलं नाही. आणि मी हेच काम एकवीस वर्षं केलं आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी मूळचा टूल रूमचा, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे जिथे बनतात तिथला माणूस. मशिनचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो, आणि त्याचा मला गर्वही होता. चौतिसाव्या वर्षी मला मशिन शॉपचा मॅनेजर केलं. कारण एकच, माझा हात चांगला होता. माणसं सांभाळता येतात का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. लॉरेन्स पीटर या शिक्षणतज्ज्ञांनी १९६९ साली हेच गमतीने मांडून ठेवलंय: माणूस एका पायरीवर चांगला ठरला म्हणून त्याला वरच्या पायरीवर नेतात, आणि जिथे तो जमेनासा होतो तिथे तो कायमचा बसतो. मी पहिली दोन वर्षं त्याच पायरीवर बसलो होतो. खालच्यांना ते दिसत होतं. मला दिसत नव्हतं, कारण मला कोणी सांगत नव्हतं. आणि कोणी सांगत का नव्हतं, हाच या पत्राचा विषय.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एका हाउसिंगमध्ये, म्हणजे बुश नावाची नळी ज्यात घट्ट बसते त्या भागात, २५ मिलिमीटरचं भोक पडायचं. सहिष्णुता, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग); माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी. अशी भोकं तपासायला प्लग गेज असतं. त्याची एक बाजू 'गो', ती आत गेलीच पाहिजे. दुसरी बाजू 'नो-गो', ती आत जाता कामा नये; गेली तर भोक मोठं झालं, नग बाद. मशिनवरचा ऑपरेटर दर काही नगांनी हे गेज लावून बघतो. साधं, भरवशाचं हत्यार आहे.

एका दुपारी ते गेज ऑपरेटरच्या हातातून निसटलं आणि फरशीवर पडलं. नो-गोच्या कडेला बारीकशी बर आली, म्हणजे धातूचा कंगोरा उठला. डोळ्यांना दिसणार नाही, नख फिरवलं तर लागेल, एवढीच. आता गंमत बघा. बर आलेलं नो-गो मोठ्या भोकातही शिरत नाही, कडेला अडकतं. म्हणजे गेज सांगतंय, सगळं ठीक आहे. त्याच सुमाराला बोअरिंगचं, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराचं, सेटिंगही जरा वर गेलेलं होतं. चार दिवस आम्ही मोठी भोकं पाडत होतो आणि गेज आम्हाला शाबासकी देत होतं. साडेअकराशे नग गिऱ्हाइकाकडे गेले. त्यांच्या असेंब्लीत बुश हाताने ढिले बसायला लागले, तेव्हा त्यांचा फोन आला. मला कळलं ते असं, बाहेरून.

मी काय केलं? सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, "कोणी केलं हे?" कोणी बोलेना. मी आवाज चढवला. तरी कोणी बोलेना. संध्याकाळी आमचे जुने सुपरवायझर माझ्या केबिनमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, गेज पडलं हे तिघांना माहीत होतं. पोरगा पहिल्या दिवशीच तुमच्याकडे यायला निघाला होता. दारापर्यंत येऊन परत गेला." का, विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मागच्या आठवड्यात त्याच्या हातून आटे पाडायचा टॅप तुटला, तेव्हा तुम्ही अख्ख्या शिफ्टसमोर त्याला काय काय बोललात, आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी शंभर वेळा ओरडलो असेन, त्यातलं एक. त्याला मात्र शब्दन् शब्द पाठ होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती जास्त लागली. लोक माझ्याकडे येण्याआधी बाहेर बसणाऱ्या क्लार्कला विचारायचे, "आज कसे आहेत?" मान हलली तर आत, नाहीतर उद्या. दोन वर्षं माझ्या विभागातल्या बातम्या माझ्या मूडचं वेळापत्रक बघून येत होत्या, आणि मला वाटत होतं की विभागात शिस्त आहे.

एका तुटलेल्या टॅपपायी मी ओरडलो, आणि त्याच्या बदल्यात साडेअकराशे नग घालवले. पोराने चूक केली होती, नाही असं नाही. गेज पडणं ही चूक होती. पण चार दिवस? ते चार दिवस माझे होते.

तेव्हापासून मी तोंडात एक गोष्ट बसवून घेतली. कोणी काही बिघडल्याचं सांगायला आलं की पहिला प्रश्न 'कोणी' हा नाही. पहिला प्रश्न, कधी लक्षात आलं? दुसरा, आत्ता माल कुठे कुठे आहे? तिसरा, तू काय करायचं म्हणतोस? 'कोणी' हे बहुतेक वेळा मागाहून आपोआप कळतं आणि तोवर त्याचं महत्त्वही राहत नाही. हे बोलायला सोपं आहे. पहिले सहा महिने मी दातावर दात दाबून हे प्रश्न विचारत होतो. चेहऱ्यावर राग असायचाच. लोकांना तो दिसायचाच. पण निदान शब्द बदलले होते, आणि हळूहळू चेहराही बदलला असावा.

शॉपवर एक लाल पेटी ठेवली. गेज पडलं की पेटीत टाकायचं, शेजारच्या कपाटातून तपासलेलं दुसरं घ्यायचं. सही नाही, खुलासा नाही. पहिल्या दोन महिन्यांत पेटीत सहा गेजं आली. आमचे वरचे साहेब राउंडला आले, पेटी बघितली आणि म्हणाले, "तुमच्याकडे गेजं पडायचं प्रमाण अचानक वाढलंय की काय?" मी म्हटलं, पडत पूर्वीही होती, आता दिसायला लागली. ते हसले नाहीत. त्यांच्या तक्त्यात माझा विभाग दोन महिने खाली गेला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाबद्दल ऐकलं आणि ती लाल पेटीच डोळ्यांसमोर आली. १९९०च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या पथकांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या पथकांत चुका कमी निघतील. आकडे आले ते उलटे. ज्या पथकांचं आपसात बरं चालत होतं, तिथेच चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की ही पथकं जास्त चुकत नव्हती, जास्त सांगत होती. १९९९ साली त्यांनी या गोष्टीवर सविस्तर लिहिलं. पथकातल्या माणसाला बोलण्याची भीती न वाटणं, हा त्यातला गाभा. आमच्या वरच्या साहेबांना हे दाखवायला हवं होतं, पण तोवर ते निवृत्त झाले होते.

टोयोटाच्या कारखान्यातली दोरी बऱ्याच वाचकांना ऐकून माहीत असेल. लाइनवरच्या कामगाराला काही खटकलं की त्याने ती ओढायची. लोक समजतात, दोरी ओढली की लाइन थांबते. तसं लगेच होत नाही. दोरी ओढली की दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी त्या ठिकाणाच्या ठरलेल्या रेषेपर्यंत जाईपर्यंत प्रश्न सुटला तर लाइन चालूच राहते, नाही सुटला तरच थांबते. माझ्या मते त्या सगळ्या व्यवस्थेत दोरीपेक्षा तो धावत येणारा लीडर महत्त्वाचा. आपल्याकडे दोरी कोणीही बांधेल. ओढल्यावर येणाऱ्याचा चेहरा कसा असेल, त्यावर ती पुन्हा ओढली जाणार की नाही ते ठरतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. म्हणजे काय, सगळं माफ करायचं? अजिबात नाही. एका माणसाने प्रेसचा सेफ्टी गार्ड मुद्दाम बांधून निकामी करून ठेवला होता, उत्पादन वाढवायला. आधी समज दिली होती, तरी पुन्हा केलं. त्याला मी त्याच दिवशी मशिनवरून काढला आणि पुढची कारवाईही केली. झोप लागली नाही त्या रात्री, पण निर्णयाबद्दल आजही शंका नाही. हातून पडलेलं गेज आणि मुद्दाम बांधलेला गार्ड यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने मॅनेजर होऊ नये. आणि हा फरक आपल्याला कळतो हे लोकांना दिसावं लागतं. नाहीतर त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच.

दुसरी गोष्ट जी मला फार उशिरा कळली, ती म्हणजे हात मागे घेणं. मॅनेजर झालो तरी माझे हात मशिनवरून सुटत नव्हते. एखाद्याला सेटिंगला वेळ लागतोय असं दिसलं की मी म्हणायचो, "हो बाजूला." दहा मिनिटांत सेटिंग करून द्यायचो. लोक वाहवा करायचे, मला बरं वाटायचं. आमच्याकडचा एक हुशार सेटर तीन वर्षांनी सोडून गेला. जाताना मी विचारलं, कुठे कमी पडलो? तो म्हणाला, "साहेब, तीन वर्षांत एकदाही तुम्ही मला अडू दिलं नाही." मला आधी हे कौतुकच वाटलं. घरी गेल्यावर अर्थ लागला.

इंटेलचे अँडी ग्रोव्ह म्हणायचे की मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या माणसांचं आणि त्याचा प्रभाव पडतो त्या शेजारच्या विभागांचं उत्पादन. त्या हिशेबाने माझी ती दहा मिनिटांची सेटिंगं शून्य होती. किंबहुना उणे, कारण प्रत्येक वेळी एका माणसाचं शिकणं मी हिरावून घेत होतो. नंतर मी खिशात हात घालून उभं राहायला शिकलो. अक्षरशः. हात बाहेर असले की पान्ह्याकडे जायचे. आणि काम सोपवताना चार वाक्यं जास्त बोलायला लागलो: काय झालं म्हणजे काम झालं, कधीपर्यंत, कुठवर तू स्वतः ठरवायचंस आणि कुठे आलास की मला विचारायचंस. यातलं शेवटचं नसेल तर सोपवलेलं काम एकतर परत आपल्या टेबलावर येतं, नाहीतर न सांगता भलतीकडे जातं.

दर आठवड्याला मी प्रत्येक सुपरवायझरबरोबर अर्धा तास बसायचो. अशी दोघांचीच बैठक, ही कल्पनाही मी ग्रोव्ह यांच्याचकडून उचलली. ती बैठक त्याची, विषय त्याचे, मी ऐकायचं. सुरुवातीचे तीन-चार आठवडे नुसतं "सगळं ठीक आहे साहेब" चालतं. घड्याळ बघू नये. पाचव्या आठवड्याला, उठता उठता, दाराशी, खरी गोष्ट येते: अमुक दोघांचं बोलणं बंद आहे, तमुक मशिनचा स्पिंडल तापतोय, मला घरच्या अडचणीमुळे रात्रपाळी झेपत नाहीये. मी ती बैठक रद्द केली की पुढचे तीन आठवडे पुन्हा "सगळं ठीक". म्हणून बाकी कुठलीही मिटिंग पुढे ढकला, ही नको.

वार्षिक अप्रेझलबद्दल मी फार बोलत नाही, सगळ्यांनी भोगलंय. एवढंच सांगतो की एका प्लॅनरला मी मार्चमध्ये सांगितलं, जूनपासून तुझे रिपोर्ट उशिरा येतात. त्याने शांतपणे विचारलं, "मग जूनमध्ये का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर वर्षअखेरच्या कागदावर एकही गोष्ट अशी लिहिली नाही जी त्या माणसाने आधी माझ्या तोंडून ऐकलेली नव्हती.

आकड्यांचं मात्र जरा सांगायला हवं, कारण आजच्या धंद्यात सगळा कारभार आकड्यांवर चालतो आणि नव्या मॅनेजरला वाटतं, स्क्रीनवर दिसतंय तेच घडतंय. आमच्याकडे मशिन बंद पडल्याची नोंद ठेवायचो. नियम असा की पंधरा मिनिटांपेक्षा कमी बंद असेल तर लिहायचं नाही. मग मेंटेनन्सला टार्गेट दिलं, महिन्याचे ब्रेकडाउन अर्धे करा. तीन महिन्यांत अर्धे झाले. आम्ही खूश. उत्पादन तेवढंच! रजिस्टर नीट बघितलं तर एकेक बिघाड चौदा-चौदा मिनिटांच्या तुकड्यांत गेलेला: मशिन चौदा मिनिटं बंद, दोन मिनिटं चालू, पुन्हा चौदा मिनिटं बंद. कोणी चोरी केली नव्हती. मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं होतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल हीच तक्रार केली होती: एखाद्या आकड्याला धरून लोकांना हाकायला लागलं की तो आकडा पूर्वीसारखा खरं सांगेनासा होतो. आकडे हवेतच. पण आकडा बघितल्यावर उठून तिथे जाऊन बघायची सवयही हवी, आणि लोकांना ठाऊक असावं की साहेब येऊन बघतात.

माझी भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे, अकरा जणांची टीम सांभाळते. त्यातल्या चौघांना ती प्रत्यक्ष कधीच भेटलेली नाही. माझे गेजाचे किस्से ऐकून ती हसायची, मामा, ते तुमच्या काळातलं. मग एकदा तिच्याकडे एक प्रोजेक्ट तीन आठवडे डॅशबोर्डवर हिरवा होता आणि देण्याच्या आदल्या दिवशी लाल झाला. टीममधल्या पाच जणांना दुसऱ्याच आठवड्यात माहीत होतं. कोणी बोललं नव्हतं, कारण पिवळा रंग दिला की तिच्या वरचे लोक रोज मिटिंग लावायचे. म्हणजे पुन्हा तेच! फरशीवर पडलेलं गेज. आता ती ऑनलाइन बसल्यावर 'काम कुठवर आलं' असं विचारत नाही, 'या आठवड्यात तुला कशाची धास्ती आहे' असं विचारते. म्हणते, पहिल्याला उत्तर टक्क्यांत येतं, दुसऱ्याला वाक्यात. आणि पिवळा रंग देणाऱ्याला जादा मिटिंग लावायची नाही, असं तिने वरच्यांकडून कबूल करून घेतलं. मला वाटतं, हे दुसरं काम जास्त कठीण होतं. खालचा आवाज वर नेणं कठीण असतंच, पण वरचा धाक खाली न पोचवता मध्येच झेलणं, याला जिगर लागते. मला ते नेहमी जमलं असं नाही. वरून बोलणी खाल्ली की तासाभरात ती खाली वाटून मोकळा होण्याचे दिवस माझ्याकडेही होते.

तिच्याच क्षेत्रातली एक गोष्ट. गूगलने २००२च्या सुमारास इंजिनियरांवरचे मॅनेजरच काढून टाकून बघितले. काही महिन्यांतच मॅनेजर परत आणावे लागले. बारीकसारीक खर्चाचे आणि आपसातल्या भांडणांचे प्रश्न थेट मालकाच्या दारात यायला लागले. पुढे २००८मध्ये त्यांनी मॅनेजरमुळे खरंच काही फरक पडतो का, याचा आपल्याच माहितीवरून अभ्यास सुरू केला. फरक पडतो असं निघालं. चांगल्या मॅनेजरच्या आठ गोष्टी हाती लागल्या, त्यात चांगलं शिकवणं सगळ्यात वर, आणि कामाचं तांत्रिक ज्ञान? आठव्या क्रमांकावर. इंजिनियरांनी भरलेल्या कंपनीत! हे वाचून टूल रूममधला माझा जुना गर्व आणखी दोन इंच खाली आला. तांत्रिक ज्ञान लागतंच, नाहीतर लोक फसवतात. पण तेवढ्यावर खुर्ची मिळते, लोक मिळत नाहीत.

वेळ कुठून आणायचा, असं कोणीही विचारेल. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच कंपनीप्रमुखांच्या मागे राहून त्यांचे दिवस टिपले आणि १९७३ साली प्रसिद्ध केले. त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांपेक्षाही कमी वेळाची होती. तेव्हा मोबाइल नव्हते. मॅनेजरचा दिवस असा तुकड्यातुकड्यांचाच असणार, हे मी एकदा मान्य केलं आणि चिडचिड निम्मी झाली. कोणीतरी मध्येच येऊन अडवणं हा कामातला व्यत्यय नाही, तेच काम आहे. तो पोरगा दारापर्यंत आला तेव्हा मी बहुधा एखादा रिपोर्ट पुरा करत बसलो असेन.

तो पुढे आमच्याकडेच सुपरवायझर झाला. मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी एकदा पहिल्या शिफ्टला सात वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "साहेब, रात्रीच्या लॉटमध्ये गडबड आहे. माझ्याच हातून मशिनला मापाचा ऑफसेट चुकीचा गेला. चाळीस नग आहेत, सगळे इथेच थांबवलेत. मी निवडून घ्यायचं म्हणतोय." मी म्हटलं, घे. फोन मिनिटभरही चालला नसेल.

संपादक महाशय, एक विनंती. अशा विषयावर पुढची पुरवणी काढाल तेव्हा मॅनेजरांना आणि आमच्यासारख्या माजी मॅनेजरांना जरा बाजूला ठेवा. हाताखाली काम करणाऱ्या आठ-दहा जणांना नाव न छापता एकच प्रश्न विचारा: तुमच्या साहेबांना सांगायची राहून गेलेली अशी कोणती गोष्ट आज तुमच्याकडे आहे? जी उत्तरं येतील ती जशीच्या तशी छापा.

आपला,
एक निवृत्त मशिन शॉप मॅनेजर